कोलोरॅडोत गावाबाहेर घर घेतलंय, आग लागली तर नक्की कोण येतं आणि किती वेळात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे: गेल्या ऑक्टोबरमध्ये तुम्ही कोलोरॅडोत डोंगराच्या पायथ्याशी पाच एकरवालं घर घेतलंत, प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात 'फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट' अशी चारशे डॉलरच्या आसपासची एक ओळ दिसली, शेजारी म्हणाला की ते सगळे व्हॉलंटियर आहेत, इन्शुरन्सवाल्याने हायड्रंट (बंबाला पाणी देणारा रस्त्याकडेचा नळ) किती लांब आहे विचारलं तर जवळपास हायड्रंटच नाही, आणि मे महिन्यात साताऱ्याहून आईबाबा सहा महिन्यांसाठी येतायत, त्यात बाबांची अँजिओप्लास्टी झालेली. तर हे पैसे फुकट जातायत का, आणि वेळ आली तर कोणी वेळेवर पोचणार का.

मी याच राज्यात, पण दुसऱ्या एका ग्रामीण डिस्ट्रिक्टमध्ये १३ वर्षं व्हॉलंटियर आहे. फायरफायटर आणि इएमटी (आणीबाणीत प्रथमोपचार करणारी) दोन्ही, आणि गेली काही वर्षं टेंडर, म्हणजे पाण्याची मोठी टाकीगाडी, चालवते. दिवसा घरून सॉफ्टवेअरचं काम. तुमचं स्टेशन किती मैलांवर आहे, तिथे दिवसा पगारी माणसं बसतात का, तुमचा रस्ता कसा आहे यावर अर्धं उत्तर अवलंबून आहे आणि ते मला इथून दिसत नाही. उरलेलं अर्धं मात्र सगळीकडे सारखंच असतं, ते सांगते.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न चारशे डॉलरचा नाहीये. पुण्यामुंबईत किंवा डेन्व्हरमध्ये राहिलेल्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की फोन केला की बंब येतो आणि बंब आला की पाणी आलं. गावाबाहेर या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. माणसं येतात पण त्यांना वेळ लागतो, आणि पाणी येतं पण ते आम्ही गाडीतून वाहून आणलेलं असतं. तुम्ही आधी काय करून ठेवलंय यावर आमचा वेळ आणि आमचं पाणी किती कामाला येईल ते ठरतं.

आधी डिस्ट्रिक्ट म्हणजे काय ते. हे काउंटीचं खातं नाही आणि जवळच्या गावाचंही नाही. ते एक वेगळं छोटं सरकारच असतं, स्वतःची हद्द, स्वतःचा टॅक्स, आणि साधारण पाच जणांचं निवडून आलेलं बोर्ड. इथे या बोर्डांच्या निवडणुका विषम वर्षी मे महिन्यात होतात, बऱ्याच वेळा जागा तितकेच उमेदवार असतात म्हणून मतदानच होत नाही आणि लोकांना पत्ताही लागत नाही. टॅक्स 'मिल'मध्ये मोजतात. एक मिल म्हणजे करपात्र किमतीच्या दर हजार डॉलरला एक डॉलर. घराची बाजारकिंमत ५ लाख धरा, त्याच्या साडेसहा टक्क्यांच्या आसपास करपात्र धरली जाते (हा टक्का गेल्या काही वर्षांत सारखा बदलतोय, तुमच्या बिलावरचाच आकडा बघा), म्हणजे झाले ३२,५००, आणि डिस्ट्रिक्टचा दर १२ मिल असेल तर ३९० डॉलर. तुमची ओळ अशीच तयार झालेली आहे. त्यातून गाड्या, डिझेल, स्टेशनचं हीटिंग, ट्रेनिंग आणि अंगावरचं सगळं सामान येतं. कोट-पॅन्ट, बूट, हेल्मेट आणि पाठीवरचं हवेचं सिलिंडर असा एका माणसाचा सेट हजारो डॉलरला पडतो, आणि त्यातले कपडे दहा वर्षांनी चांगले दिसत असले तरी बाद करावे लागतात.

ती ओळ बिलात आहे ही खरं तर चांगली बातमी आहे. अमेरिकेत अशाही जागा आहेत ज्या कुठल्याच डिस्ट्रिक्टमध्ये येत नाहीत. २०१० मध्ये टेनेसीत साउथ फुल्टन गावाबाहेर एक घर जळालं, तिथे गावाबाहेरच्यांनी वर्षाला ७५ डॉलर भरून गावची सेवा घ्यायची पद्धत होती, त्या घराचे भरलेले नव्हते, आणि बंब शेजारच्याची हद्द वाचवायला येऊन उभा राहिला पण ते घर विझवलं नाही. डिस्ट्रिक्टमध्ये तसं होत नाही, तुम्ही हद्दीत आहात म्हणजे आम्ही येणार. आपल्याकडे सातारा-सांगली भागात उसाच्या फडाला किंवा गंजीला आग लागली की नगरपालिकेचा नाहीतर साखर कारखान्याचा बंब मागवतात, गावाचा स्वतःचा असा काही नसतो. इथे गावाबाहेरच्या लोकांनी मिळून स्वतःचा करून ठेवलाय एवढाच फरक.

आता व्हॉलंटियर. हा शब्द ऐकून लोक दचकतात. अमेरिकेतले साधारण दोन तृतीयांश फायरफायटर व्हॉलंटियरच आहेत. आमच्याकडे दर आठवड्याला एक संध्याकाळ ट्रेनिंग असतं, इएमटीचा कोर्स दीडशे तासांच्या वर जातो, आणि जळत्या घरात शिरायच्या आधी जे शिकावं लागतं ते शहरातल्या पगारी माणसाइतकंच शिकावं लागतं, आग काय आपला पगार विचारत नाही. फरक पडतो तो पेजर वाजतो तेव्हा माणूस कुठे असतो यात. शहरात तो स्टेशनवर असतो. मी स्वयंपाकघरात असते, दुसरा एक जण गुरांना चारा घालत असतो, तिसरा डेन्व्हरच्या ऑफिसात असतो आणि तो त्या कॉलला येऊच शकत नाही. म्हणून आठवड्यातला सगळ्यात अवघड वेळ म्हणजे कामाच्या दिवसाची दुपार, रात्रीचे दोन नव्हे. दर चौरस मैलाला ५०० माणसांपेक्षा कमी वस्ती असलेल्या भागासाठी व्हॉलंटियर दलांचं जे मानक आहे, एनएफपीए १७२०, त्यात अपेक्षा आहे सहा माणसं १४ मिनिटांत, तीही दहापैकी आठ वेळा. स्टेशनपासून आठ मैल किंवा त्याहून लांब असाल तर मिनिटांचा आकडाच नाही, फक्त चार माणसं जमावीत एवढंच. तुमच्या बाबतीत मी मनात २० मिनिटं धरून चालीन.

अजून एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी, कारण ती बघताना फार त्रास होतो. पहिला बंब आला तरी आम्ही लगेच आत धावत नाही. दोघं आत तर दोघं बाहेर तयार उभे पाहिजेत असा नियम आहे, आत गेलेल्यांचं काही झालं तर त्यांना काढायला. आत कोणी अडकलंय हे नक्की माहीत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबत नाही. म्हणून अंगणात आल्याआल्या आमचा पहिला प्रश्न असतो, सगळे बाहेर आहेत का. तुम्ही चौघंही मेलबॉक्सपाशी एकत्र उभे दिसलात तर त्या एका नजरेत आमचं पुढचं सगळं ठरतं. ही जागा आईबाबांना आल्या दिवशी दाखवून ठेवा.

पाण्याबद्दल जरा जास्त लिहिते. पहिला बंब साधारण ७५० ते १,००० गॅलन पाणी घेऊन येतो. आत शिरताना वापरतो तो एक होज मिनिटाला १५० गॅलन ओढतो. भागाकार करा, ७५० गॅलन पाच मिनिटांत संपतात. त्यानंतर टेंडर, २,००० ते ३,००० गॅलनचा.

तीनेक वर्षांपूर्वी जानेवारीत रात्री दोनच्या सुमाराला एका गॅरेजला आग लागली. घरमालकाने संध्याकाळी लाकडाच्या शेगडीतली राख प्लास्टिकच्या बादलीत काढून गॅरेजमध्ये ठेवली होती, वरून थंड दिसली म्हणून. राखेत निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो. आम्ही पोचलो तेव्हा छत गेलेलं होतं आणि गॅरेजला जोडलेल्या पडवीचा पत्रा घराच्या बाजूने लाल व्हायला लागला होता. बंबातल्या पाण्याने फक्त ती पडवी भिजवत ठेवली, गॅरेज सोडून दिलं. तेवढ्यात दोघांनी ड्रॉप टँक उतरवला, लोखंडी चौकटीचा ताडपत्रीचा हौद असतो, पुस्तकासारखा उघडतो आणि उघडताना खणखणतो. मी टेंडर रिव्हर्स घेऊन त्याच्या काठाला लावला, मागची झडप उघडली, तीनेक मिनिटांत सगळं पाणी हौदात, की लगेच निघाले भरायला, सहा मैलांवरच्या हायड्रंटला. तोवर शेजारच्या डिस्ट्रिक्टचा टेंडर येऊन उभा. त्यांचा रिकामा होईपर्यंत तिसऱ्या डिस्ट्रिक्टचा. अशी तीन गाड्यांची माळ पहाटेपर्यंत चालली. सांडलेलं पाणी जागेवर गोठत होतं, एक पोरगा फावड्याने नुसती वाळू टाकत होता आमच्या चाकांखाली, बाकी काही काम नाही त्याला, आणि त्याच्यामुळेच मी तो उतार चार वेळा चढले.

गॅरेज गेलं, घर वाचलं. आणि वाचलं ते त्या माणसाने घोड्यांचा ट्रेलर वळवायला घरासमोर गोल रस्ता करून ठेवला होता म्हणून. टेंडर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. तिथे नुसती अरुंद बोळकांडी असती तर पहिला टेंडर बाहेर निघेपर्यंत दुसरा खाली रस्त्यावर उभा राहिला असता आणि पडवी तेवढा वेळ टिकली नसती.

म्हणून तुमच्या ड्राइव्हवेकडे आमच्या नजरेने बघा. रुंदी २० फूट मोकळी, वर फांद्यांपासून साडेतेरा फूट मोकळं, आणि रस्ता १५० फुटांपेक्षा लांब असून पुढे बंद होत असेल तर वळायला जागा, हे साधारण फायर कोडचे आकडे आहेत. जुन्या घरांना काउंटी हे लागू करतेच असं नाही, पण गाडीची रुंदी काही घर जुनं म्हणून कमी होत नाही. ओढ्यावर छोटा पूल असेल तर तो किती वजन घेतो ते शोधून काढा, ३,००० गॅलन नुसतं पाणीच ११ टनांच्या वर भरतं, गाडी वेगळी. पुलाचा भरवसा नसेल तर मी टेंडर त्याच्यावर घालणार नाही, कोणीच घालणार नाही. गेटला विजेचं कुलूप असेल तर वीज गेल्यावर ते कसं उघडतं ते बघा, आणि डिस्ट्रिक्टकडे किल्लीच्या पेटीची सोय आहे का विचारा.

आणि नंबर. घराचा नंबर, चकाकणाऱ्या आकड्यांचा, निदान चार इंच उंचीचा, मेन रस्त्याच्या तोंडाशी, दोन्ही बाजूंनी दिसेल असा. एकाच कच्च्या रस्त्यावर तीन घरं असतील तर फाट्यावर पण. एकदा आम्ही हृदयाच्या कॉलला जाताना एका फाट्यावर सहा मिनिटं घालवली, बर्फ ढकलणाऱ्या गाडीने केलेल्या ढिगात नंबरची पाटी गाडली गेली होती. पेशंट वाचला, पण त्या सहा मिनिटांत मागे ऑक्सिजनची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली मी होते आणि ती मिनिटं अजून विसरले नाही. पाटी बर्फाच्या ढिगापेक्षा उंच लावा.

बाबांचं म्हणाल तर डिस्ट्रिक्टचं सगळ्यात जास्त काम तेच आहे. देशभरात फायर खात्यांना येणाऱ्या कॉलपैकी साधारण दोन तृतीयांश मेडिकल असतात, प्रत्यक्ष आग चार टक्क्यांच्याही आत. बाकी गाड्यांचे अपघात, पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवणं, धुराचे खोटे अलार्म. त्यामुळे ते चारशे डॉलर कामाला आलेच तर बहुधा छातीत दुखण्यासाठी येतील. छातीत दुखतंय म्हणून ९११ केला तर आधी माझ्यासारखं कोणीतरी एईडी (थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र), ऑक्सिजन घेऊन पोचतं, ॲम्ब्युलन्स मागून. ॲम्ब्युलन्स कोणाची, डिस्ट्रिक्टची, काउंटीची की हॉस्पिटलची, आणि त्यात पॅरामेडिक असतो का, हे नक्की विचारून ठेवा, जागोजागी वेगळं असतं. लांब असाल तर हेलिकॉप्टर येऊ शकतं. २०२२ पासून हेलिकॉप्टरच्या अचानक येणाऱ्या बिलांवर केंद्राचा कायदा आहे, पण त्यात जमिनीवरची ॲम्ब्युलन्स नाही, आणि आईबाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्सला तो लागू होईल असं धरू नका, पॉलिसीत ॲम्ब्युलन्स आणि आधीच्या आजारांचं काय लिहिलंय ते आताच वाचा. पैशाच्या भीतीने फोन करायला उशीर मात्र करू नका, तसं करणारी आपली माणसं मी पाहिली आहेत.

एक छोटं काम आजच करता येईल. बाबांच्या औषधांची यादी इंग्रजीत फ्रिजवर लावा, पण भारतातल्या ब्रँडच्या नावाने नको. इकोस्प्रिन म्हटलं तर इथे कोणाला कळत नाही, ॲस्पिरिन लिहा. डेप्लॅट असेल तर क्लोपिडोग्रेल लिहा, डोस लिहा, स्टेंट कधी बसवला ते वर्ष लिहा. रक्त पातळ करणारं औषध चालू आहे हे कळलं की आमचं आणि हॉस्पिटलचं वागणं बदलतं. आईला घराचा पत्ता इंग्रजीत म्हणायला शिकवा, अगदी पाठ करून घ्या. ९११ वर दुभाषा मिळतो, त्यांनी 'हिंदी' एवढं म्हटलं तरी सोय होते, पण त्यात वेळ जातो आणि पत्ता तोवर कळलेला बरा. तुमचं घर उंचावर असेल तर पहिले काही दिवस धाप लागू शकते, बाबांच्या डॉक्टरांना निघायच्या आधी उंचीचा आकडा सांगून विचारा. आणि तुम्ही दोघं सीपीआर शिका. बरीच डिस्ट्रिक्ट स्वतः क्लास घेतात, फुकट किंवा नाममात्र पैशात. बाबांचं हृदय थांबलं तर माझ्यासारखं कोणीतरी २० मिनिटांवर आहे आणि तुम्ही शेजारच्या खोलीत.

इन्शुरन्सचं थोडक्यात. विमा कंपन्यांसाठी आयएसओ नावाची संस्था फायर खात्यांना १ ते १० वर्ग देते, १ उत्तम, १० म्हणजे मान्य होण्याइतकी सेवाच नाही. त्यात माणसं, गाड्या, पाणी, ९११ केंद्र सगळं तपासतात. घर स्टेशनपासून रस्त्याने पाच मैलांच्या बाहेर असेल तर डिस्ट्रिक्ट कितीही चांगलं असलं तरी बहुतेक वेळा वर्ग १०. पाच मैलांच्या आत पण हायड्रंटपासून हजार फुटांच्या पुढे असाल तर मधला कुठलातरी. टेंडरने सलग पाणी पुरवता येतं हे डिस्ट्रिक्टने दाखवून दिलं असेल तर त्याचा फायदा हायड्रंट नसलेल्यांनाही मिळू शकतो. तेव्हा डिस्ट्रिक्टकडून तुमच्या पत्त्याचा वर्ग लेखी मागवा आणि एजंटकडे तोच लागलाय का बघा. काही वेळा चुकीचं स्टेशन धरलेलं असतं. पण आता कंपन्या वणव्याचा धोका वेगळा मोजतात आणि हप्ता वाढतोय तो मुख्यतः त्याच्यामुळे, तिथे डिस्ट्रिक्टचा कागद एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडतो.

वणव्याबद्दल मी फार गंभीरपणे सांगते. ३० डिसेंबर २०२१ ला बोल्डर काउंटीत मार्शल फायर लागली, गवत वाळलेलं, ताशी १०० मैलांच्या घरातला वारा, आणि एका दिवसात हजाराच्या वर घरं गेली. तिथे हायड्रंट होते, पगारी फायरफायटर होते, डोंगरसुद्धा नव्हता, नीट आखलेल्या कॉलन्या होत्या. अशा दिवशी प्रत्येक घराला एक बंब कुठूनच येऊ शकत नाही. त्या दिवशी आम्ही घरासमोर थांबतो, एक-दोन मिनिटं बघतो आणि ठरवतो की इथे उभं राहिलो तर हे घर वाचेल का आणि आपण जिवंत बाहेर पडू का. नाही वाटलं तर पुढच्या घराला जातो. हे ऐकायला कठोर आहे, करायला त्याहून कठीण आहे.

तो निर्णय तुमच्या बाजूने फिरवणं बरंचसं तुमच्या हातात आहे. बहुतेक घरं समोरून आलेल्या ज्वाळेने पेटत नाहीत, लांबून उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात, निखारा पन्हळीतल्या पाइनच्या कचऱ्यात पडतो, नाहीतर भिंतीला लागून झाडांच्या बुंध्याशी टाकलेल्या लाकडाच्या भुशात (मल्च). म्हणून भिंतीपासून पहिले पाच फूट पूर्ण खडी, जळण्यासारखं काहीही नको, काथ्याचं पायपुसणंसुद्धा उन्हाळ्यात उचला. सरपणाची रास घरापासून ३० फुटांवर. झरोक्यांना एक अष्टमांश इंचाच्या भोकांची धातूची जाळी. त्यापुढे १०० फुटांपर्यंत झाडं विरळ आणि खालच्या फांद्या काढलेल्या. डिस्ट्रिक्टला फोन करून घराची वणव्याच्या दृष्टीने पाहणी करता का विचारा, बरीच डिस्ट्रिक्ट फुकट करतात आणि हे काम आम्हाला मनापासून आवडतं. काउंटीच्या आपत्कालीन अलर्टसाठी चौघांचे मोबाइल नोंदवा, ते आपोआप नोंदलेले नसतात.

जाताजाता, होळी. अंगणात पेटवायची हौस मला समजते, पण मार्चमधला इथला वारा फार फसवा असतो. आधी डिस्ट्रिक्टला किंवा शेरिफच्या ऑफिसला परवानगी विचारा आणि त्या दिवशी फायर बॅन आहे का बघा. दिवाळीला आकाशात उडणारे आणि फुटणारे फटाके या राज्यात परवान्याशिवाय चालतच नाहीत.

आता एवढं सगळं एकदम होणार नाही, तर क्रम असा ठेवा: नंबरची पाटी या शनिवारी, औषधांची यादी त्याच दिवशी, ड्राइव्हवे आणि पहिले पाच फूट आईबाबा यायच्या आत, बाकी उन्हाळ्यात. आणि एका ट्रेनिंगच्या संध्याकाळी स्टेशनवर जा. आत जाऊन सांगा की आम्ही अमुक रस्त्यावर नवीन आलोय, बाबा हार्ट पेशंट आहेत, तुमचा टेंडर आमच्या दारात वळतो का ते एकदा बघून जाल का. आमच्याकडे असं कोणी सांगितलं तर आम्ही पुढच्या ट्रेनिंगला गाडी काढून त्यांच्या घरी जातो, खरंच वळून बघतो, आणि नाही वळली तर कुठली फांदी आड येते त्यावर खडूने खूण करून येतो.